शुगरच्या रिपोर्टमध्ये न दिसणारी जखम

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी. या भागात हिंसेचा आणि लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आहे. त्रास होत असेल तर थांबा, नंतर वाचा.)



आपल्याकडे एखाद्या घरात कुणाला डायबेटीस निघाला की आपण काय म्हणतो? ‘काकूंना शुगर निघाली.’ मधुमेह हा शब्द पुस्तकात, शुगर हा शब्द घरात. गंमत म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियामध्ये, कृष्णवर्णीय कुटुंबांतही अगदी हाच शब्द चालतो. आजीला ‘शुगर’ होती, मावशीला ‘शुगर’ आहे, आता मलाही झाली. सात समुद्रांपलीकडे, पण आजाराचं घरगुती नाव तेच.

आजचा भाग या बायकांबद्दल आहे. डायबेटीस असलेल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्रिया, त्यांच्या मनावर झालेले आघात आणि या दोन गोष्टींचं एकमेकींशी असलेलं नातं. तुम्ही म्हणाल, हा इतका लांबचा विषय कशाला? कारण शरीर आणि मन हे दोन वेगळे कप्पे नाहीत, हे जगात जिथे फार बारकाईने तपासलं गेलंय, त्यात या बायकांवरचं संशोधन येतं. आणि त्यातून जे कळतं ते डोळे उघडणारं आहे.

आधी आकडे, पण थोडेच

अमेरिकेत डायबेटीसचं निदान झालेल्या प्रौढांचं प्रमाण बघितलं, तर गोऱ्या लोकांमध्ये ते १०० मागे साधारण ७ आणि कृष्णवर्णीयांमध्ये १०० मागे साधारण १२ आहे. म्हणजे दीडपटीहून जास्त. आजार झाल्यावरही फरक संपत नाही. डायबेटीसमुळे पाय कापावा लागणं, किडनी निकामी होणं, हे कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जास्त होतं.

आता याचं सोपं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं. ‘खाणं सुधारा, चाला, वजन कमी करा.’ हे चूक नाही. पण अपुरं आहे. कारण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. एका मोठ्या समाजातल्या इतक्या बायकांचं शरीर एकाच दिशेने का बिघडतंय? सगळ्याजणी एकदम आळशी झाल्या का? अर्थातच नाही.

ट्रॉमा म्हणजे नक्की काय?

हल्ली हा शब्द आपण कशालाही वापरतो. परीक्षेचा ट्रॉमा, ब्रेकअपचा ट्रॉमा. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ जरा नेमका आहे. जिवावर बेतलेला प्रसंग, गंभीर मारहाण, लैंगिक अत्याचार, जवळच्या माणसाचा हिंसेत झालेला मृत्यू. असं काही स्वतःवर आलं किंवा डोळ्यांसमोर घडलं, तर मनाला जो घाव बसतो तो ट्रॉमा.

पुष्कळ लोक त्यातून हळूहळू सावरतात. काहींचं मात्र मन त्याच प्रसंगात अडकून राहतं. वाईट स्वप्नं पडतात, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो, त्याची आठवण करून देणारी जागा किंवा माणसं टाळली जातात, आणि शरीर कायम सावध राहतं, दार वाजलं तरी दचकतं. या अवस्थेला पीटीएसडी म्हणतात.

अटलांटा शहरात ग्रेडी मेमोरियल नावाचं मोठं सार्वजनिक रुग्णालय आहे. तिथे येणारे बहुतेक रुग्ण गरीब आणि कृष्णवर्णीय. एमोरी विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे ‘ग्रेडी ट्रॉमा प्रोजेक्ट’ चालवला. त्यांनी मनोरुग्ण विभागात जाऊन लोक शोधले नाहीत. साध्या ओपीडीत, ब्लड प्रेशर-शुगरसाठी रांगेत बसलेल्या लोकांशी ते बोलले. २००९ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात जवळजवळ ८८ टक्के लोकांनी आयुष्यात किमान एक मोठा आघात सोसलेला होता. आणि सुमारे ४६ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेला होता. लक्षात घ्या, हे सगळे दुसऱ्याच कुठल्या तरी तक्रारीसाठी आले होते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या सरकारी पाहणीनुसार १०० पैकी ४० हून जास्त कृष्णवर्णीय स्त्रियांना आयुष्यात कधी तरी नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून मारहाण, लैंगिक जबरदस्ती किंवा पाठलाग सहन करावा लागलेला असतो.

आणि याच्या वर रोजचा वर्णभेद. दुकानात शिरलं की मागे मागे फिरणारा कर्मचारी. ऑफिसात ‘ही काय बोलणार’ अशी नजर. मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही तर पोलिसांनी अडवलं असेल का, ही धास्ती. एकेक गोष्ट सुटी घेतली तर छोटी वाटते. वर्षानुवर्षं साठत गेली की छोटी राहत नाही.

मनातली भीती रक्तातल्या साखरेपर्यंत कशी पोचते?

हा आजच्या भागाचा गाभा आहे, म्हणून सावकाश बघूया.

समजा, रस्त्यात कुत्रा अंगावर धावून आला. मेंदू लगेच धोक्याची घंटा वाजवतो. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्स सुटतात. हृदय धडधडतं. आणि लिव्हर आपल्याकडची साठवलेली साखर रक्तात सोडतं. का? तर पळायला ताकद पाहिजे म्हणून. त्या वेळी इन्शुलिनचा जोरही कमी केला जातो, म्हणजे साखर रक्तातच राहावी आणि लगेच वापरता यावी. कुत्रा गेला की सगळं पूर्ववत. ही सोय उत्तम आहे.

पण कुत्रा गेलाच नाही तर? घरात मारणारा माणूस रोज संध्याकाळी येणार असेल तर? किंवा तो माणूस दहा वर्षांपूर्वी गेला, पण शरीराला ते पटलंच नसेल तर? मग ही तात्पुरती व्यवस्था कायमची होते. रक्तात साखर वर राहते, पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, पोटाभोवती चरबी साठते, झोप तुटते. आणि अपुऱ्या झोपेने इन्शुलिनचा परिणाम आणखी मंदावतो, भूक वाढते, गोड-तळलेलं खावंसं वाटतं. हे चक्र एकदा सुरू झालं की तेच स्वतःला ढकलत राहतं.

याचे पुरावे आहेत का? आहेत.

अमेरिकेतल्या जवळपास ५०,००० नर्सेसचा २२ वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात पीटीएसडीची सर्वांत जास्त लक्षणं होती, त्यांना टाइप २ डायबेटीस होण्याचा धोका, आघात न झालेल्या बायकांच्या तुलनेत, साधारण दुप्पट होता. या नर्सेस बहुतांश गोऱ्या होत्या. म्हणजे हा शरीराचाच नियम आहे, कुठल्या एका वंशाच्या रक्तातला दोष नाही.

दुसरा अभ्यास फक्त कृष्णवर्णीय बायकांचा. बोस्टन विद्यापीठाने १९९५ मध्ये ‘ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडी’ सुरू केला. सुमारे ५९,००० जणी त्यात सामील झाल्या. त्यांना रोजच्या वागणुकीबद्दल विचारलं गेलं: दुकानात वाईट वागवतात का, लोक तुम्हाला घाबरल्यासारखं करतात का, तुम्ही हुशार नाही असं गृहीत धरतात का. २०१७ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की ज्यांना असे अनुभव सर्वांत जास्त येत होते, त्यांना पुढे डायबेटीस होण्याचं प्रमाण सर्वांत कमी अनुभव येणाऱ्यांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होतं.

इथे एक प्रामाणिक टीप. असे अभ्यास दोन गोष्टी बरोबर चालतात हे दाखवतात. एकीमुळेच दुसरी झाली, हे ते शंभर टक्के सिद्ध करत नाहीत. शिवाय या नात्यातला साधारण अर्धा भाग वाढलेल्या वजनातून येतो, असं संशोधकांना दिसलं. पण मग विचार करा, ते वजन कुठून आलं? तणावातून, तुटलेल्या झोपेतून, मनाला बरं वाटावं म्हणून खाल्लेल्या घासातून. वजन हा वाटेतला एक थांबा असू शकतो. वाट तिथून सुरू होते असं नाही.

झिजणं

आर्लीन जेरोनिमस नावाच्या संशोधक आहेत. १९९२ मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली, इंग्रजीत तिला ‘वेदरिंग’ म्हणतात. ऊन, वारा, पाऊस खाऊन जुन्या वाड्याचं लाकूड कसं झिजतं, तसं माणसाचं शरीर झिजणं.

त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. साधारणपणे आपण समजतो की पंचविशीतली आई किशोरवयातल्या आईपेक्षा जास्त निरोगी असणार, तिचं बाळही. गोऱ्या बायकांमध्ये तसंच होतं. कृष्णवर्णीय बायकांमध्ये मात्र उलट चित्र होतं, पंचविशीनंतरच्या आयांच्या बाळांची तब्येत जास्त नाजूक. म्हणजे त्या वाढत्या वयाबरोबर नुसत्या मोठ्या होत नव्हत्या, लवकर झिजत होत्या. ऐन तारुण्यात.

इथे आपल्याला आपलेच जोतीराव आठवतात. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. माणसाला माणसाने खाली ठेवलं की ते किती खोलवर जातं, हे त्यांना कळलं होतं. ते पेशींपर्यंत जातं, हे आता प्रयोगशाळेत दिसतंय.

‘मी खंबीर आहे’

आता मनाकडे येऊ. शेरिल वुड्स-जिस्कॉम्बे या नर्सिंगच्या प्राध्यापिका. त्यांनी कृष्णवर्णीय बायकांशी बोलून २०१० मध्ये एक मांडणी केली, ‘सुपरवुमन स्कीमा’. म्हणजे मनात बसलेला सुपरवुमनचा साचा. त्याचे पाच भाग. मी खंबीर दिसलंच पाहिजे. मी भावना दाबल्या पाहिजेत. मी कुणावर अवलंबून राहता कामा नये. हाताशी काही नसलं तरी मला यशस्वी व्हायचंच आहे. आणि आधी सगळ्यांचं, मग माझं.

ऐकताना आपल्या घरातली कुणी आठवली का? आठवली असणार.

पण हा साचा हवेतून आलेला नाही. गुलामगिरीच्या काळात आणि त्यानंतरच्या वेगळं ठेवण्याच्या कायद्यांच्या काळात रडायला जागाच नव्हती. खंबीर राहिली तीच टिकली, तिचीच मुलं जगली. या बायकाही सांगतात, की या खंबीरपणामुळे घर टिकलं, मुलं शिकली. म्हणून ‘सोडून द्या तो हट्ट’ असं कुणी बाहेरून सांगणं सोपं आहे. अडचण ही, की जो गुण घराला वाचवतो तोच शरीराला महाग पडतो. शुगर तपासायची राहते, पायाला झालेली जखम ‘बघू नंतर’ म्हणून सोडली जाते, झोप चार तासांवर येते. आणि मनात काय चाललंय हे कुणाला सांगायचं नसतं.

अटलांटातल्याच संशोधकांनी टाइप २ डायबेटीस असलेल्या आफ्रिकन-अमेरिकन बायकांचा वेगळा अभ्यास केला. ज्यांना स्वतःच्या भावना सांभाळणं जास्त जड जात होतं, त्यांच्या रक्तात सीआरपी जास्त सापडलं. सीआरपी म्हणजे शरीरात आतून दाह चालू आहे हे सांगणारा घटक. असा दाह डायबेटीसला आणि हृदयाला, दोघांनाही वाईट.

दवाखान्यात काय होतं?

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. कुणी खरी नाही, फक्त उदाहरण. तिच्यावर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेला आहे. तिला शुगर आहे. डॉक्टर सांगतात: रोज बोट टोचा, इन्शुलिन घ्या, दर तीन महिन्यांनी या, कपडे बदलून टेबलवर झोपा.

प्रत्येक सूचना बरोबर आहे. पण तिच्यासाठी अनोळखी माणसाने अंगाला हात लावणं म्हणजे जुनी खोली पुन्हा उघडणं. ती अपॉइंटमेंट चुकवते. टाळणं हे पीटीएसडीचं लक्षणच आहे, पण फाइलमध्ये काय लिहिलं जातं? ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’

आणखी एक बारीक गोष्ट. शुगर एकदम कमी झाली तर काय होतं? घाम, थरथर, छातीत धडधड. पॅनिक अटॅकमध्ये काय होतं? तेच. ज्या बाईने अशी धडधड आयुष्यातल्या सगळ्यात वाईट क्षणी अनुभवली आहे, ती शुगर कमी होण्याला इतकी घाबरते की इन्शुलिन थोडं कमीच घेते. शुगर जरा वर असलेली बरी, असं तिला वाटतं. आकडा बिघडतो, डॉक्टर रागावतात, ती आणखी लांब जाते.

त्यात विश्वासाचा प्रश्न. टस्कीगी गावात १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं ‘बघत’ ठेवलं. त्याआधी, १८४० च्या दशकात, जे. मेरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम बायकांवर भूल न देता शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. त्यातल्या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत: अनार्का, बेट्सी आणि लुसी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला या डॉक्टरचा पुतळा २०१८ मध्ये हटवला गेला.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणावं तर व्हर्जिनिया विद्यापीठातला २०१६ चा अभ्यास बघा. त्यात गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी साधारण निम्म्यांना कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दलची किमान एक खोटी समजूत खरी वाटत होती. उदाहरणार्थ, त्यांची कातडी जाड असते. ज्यांना असं वाटत होतं, त्यांनी त्या रुग्णांच्या वेदनाही कमी धरल्या. मग ती बाई डॉक्टरांसमोर मन उघडत नसेल, तर दोष नक्की कुणाचा?

आणि पैसा? जॉर्जिया, मिसिसिपी, अलाबामा या राज्यांनी गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा विस्तार पूर्णपणे स्वीकारलेला नाही. शुगरच्या गोळ्यांचीच मारामार, तिथे थेरपिस्टची फी कुठून आणणार? त्यातून आपल्यासारखी दिसणारी, आपली भाषा कळणारी थेरपिस्ट हवी असेल तर शोध आणखी अवघड. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३ टक्के, पण मानसशास्त्रज्ञांमध्ये जेमतेम चार-पाच टक्के.

तीन गोष्टींची गल्लत करू नका

मोबाइलवर स्क्रीनशॉट काढायचा असेल तर इथे काढा.

एक, नैराश्य. कशातच रस न वाटणं, उदास राहणं, आठवडेच्या आठवडे. डायबेटीस असलेल्यांमध्ये ते इतरांपेक्षा जवळपास दुप्पट आढळतं.

दोन, डायबेटीस डिस्ट्रेस. म्हणजे आजाराचाच वीट येणं. रोज मोजा, रोज टोचा, रोज स्वतःला नाही म्हणा. माणूस निराश नसतो, आजाराला कंटाळलेला असतो. यावर बहुतेक वेळा गोळी लागत नाही. आधार, सोपी केलेली ट्रीटमेंट आणि समजून घेणारा माणूस लागतो.

तीन, पीटीएसडी. त्याचं मूळ आजारात नाही, घडलेल्या आघातात आहे. त्याची थेरपीही वेगळी आहे.

तिन्हींमध्ये शुगर बिघडलेलीच दिसते. म्हणून फक्त आकडा बघून कळत नाही, विचारावं लागतं. अमेरिकन डायबेटीस असोसिएशनची २०१६ पासूनची सूचनाच आहे, की शुगरच्या रुग्णाला मनाबद्दलही नियमित विचारा.

मग उपाय?

आहेत, आणि ते काम करतात.

पहिला, आघाताची जाण ठेवून दिलेली सेवा. अमेरिकेच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये तिची तत्त्वं मांडली: सुरक्षितता, विश्वास, अनुभवातून गेलेल्यांची साथ, बरोबरीने निर्णय, रुग्णाच्या हातात निवड आणि तिच्या इतिहासाची-संस्कृतीची जाण. ऐकायला मोठं वाटतं, प्रत्यक्षात साधं आहे. ‘आता मी पाय तपासणार आहे, चालेल ना?’ असं विचारणं. ‘तुम्ही का आला नाहीत?’ ऐवजी ‘येणं अवघड कशामुळे झालं?’ असं म्हणणं.

दुसरा, आघातावरची खास थेरपी. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या २०१९ मधल्या अभ्यासात, ज्यांची पीटीएसडीची लक्षणं ठळकपणे कमी झाली, त्यांना पुढे डायबेटीस होण्याचा धोका सुमारे निम्मा दिसला. हे बहुतेक पुरुष होते, तेव्हा जसंच्या तसं बायकांना लावता येणार नाही. पण आशा वाटावी असं नक्कीच आहे.

तिसरा, आपल्या माणसांतली जागा. चर्चमधले गट, वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या, एकत्र चालायला जाणाऱ्या बायका. आणि हो, पॉडकास्टसुद्धा! जॉय हार्डन ब्रॅडफर्ड या अटलांटातल्या मानसशास्त्रज्ञांनी ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ सुरू केलं. त्यात पॉडकास्ट आहे आणि आपल्या भागातली थेरपिस्ट शोधायची यादीही. थेरपीचा दरवाजा इअरफोनमधूनही उघडतो, बघा.

चौथा मात्र कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. परवडणारा विमा, जवळ मिळणारी ताजी भाजी, सुरक्षित घर आणि माणसासारखी वागणूक. हे नसेल तर वरचे तीनही अर्ध्यावर अडतात.

आपण काय घ्यायचं?

आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. त्या बायकांचा इतिहास त्यांचाच आहे, तो आपण आपल्यावर चिकटवू नये. पण भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आहे, असं २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीने सांगितलं. तुमच्या माझ्या घरात कुणीतरी आहेच. त्यांचा रिपोर्ट बिघडला की ‘परत गोड खाल्लंस ना!’ हे आपलं पहिलं वाक्य असतं. या वेळी ‘झोप लागते का गं?’ एवढं विचारून बघा. उत्तर यायला वेळ लागेल. लागू दे.

शुगरची औषधं मनाने बंद करू नका, कमी-जास्त करू नका, ते डॉक्टरांशी बोलूनच. आणि मनाचं ओझं जड झालं असेल, तुमचं किंवा घरातल्या कुणाचं, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं.

हा भाग एखाद्या मैत्रिणीला पाठवा, आईला मोठ्याने वाचून दाखवा. प्रश्न असतील तर लिहून पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत ऐकत राहा, आणि घरातल्यांचंही ऐका!